जंगलाची किल्ली कोणाच्या कमरेला?

पेरूच्या आग्नेय भागात, तांबोपाता नदीच्या काठी, इन्फिएर्नो नावाचं गाव आहे. एसे एहा आदिवासी, नदीकाठची मिश्रवंशीय कुटुंबं आणि अँडीजच्या डोंगरांवरून उतरून आलेले शेतकरी असे तिघे तिथे राहतात. १९९६ मध्ये या गावानं रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स या खासगी कंपनीशी करार केला. पर्यटकांसाठी निवास उभा करायचा. नफ्यातले ६० टक्के गावाला, ४० टक्के कंपनीला. निर्णयात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा. मुदत २० वर्षं, त्यानंतर मालकी गावाकडे. ‘पोसादा अमेझोनास’ असं त्या निवासाचं नाव. वर्षावनातल्या गावांनी चालवलेल्या पर्यटनाचा विषय निघाला की हा दाखला हमखास येतो, आणि त्यातले ते ६० टक्के कौतुकानं सांगितले जातात.

माझ्या मते त्या करारातला खरा महत्त्वाचा आकडा २० हा आहे. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट तर त्या कागदावर नाहीच. ती आधीच, १९७० च्या दशकात घडून गेली होती. पेरूच्या सरकारनं या गावाला साडेनऊ हजार हेक्टरांच्या आसपास जमिनीचा सामूहिक पट्टा दिला होता. त्यामुळे कंपनी बोलणी करायला आली तेव्हा समोर बसलेलं गाव मजुरी मागणारं नव्हतं, जमीनमालक होतं.

हल्ली हा क्रम सर्रास उलटा चालतो. आधी झोपड्या बांधायच्या, मग तरुणांना गाइडचं प्रशिक्षण द्यायचं, मग संकेतस्थळ, मग माहितीपट. जमिनीचं काय, वनहक्काचं काय, हे ‘पुढच्या टप्प्यात’. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे पर्यावरणस्नेही पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. सरकारी खाती, बँका, देणगीदार संस्था यांची या विषयातली हौस त्याच्या आधीपासूनची आहे आणि नंतरही ती कमी झालेली नाही. हौसेला माझी हरकत नाही. हरकत आहे ती पाहुणे आधी आणि हक्क नंतर या क्रमाला. गावाला जोवर कोणालाही, अगदी पर्यटकालासुद्धा, ‘येऊ नका’ म्हणता येत नाही, तोवर तिथल्या पर्यटनाला गावानं चालवलेलं म्हणणं ही धूळफेक आहे.

आधी अपयशाकडे नीट पाहू, कारण यशाच्या चार कहाण्यांखाली ते झाकून जातं. लंडनच्या ओव्हरसीज डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटनं २००८ मध्ये एक टिपण काढलं होतं. अमेरिका खंडांतल्या अशा दोनशे प्रकल्पांच्या पाहणीचा त्यात हवाला आहे. त्यांतल्या अनेक निवासांमध्ये खोल्या भरण्याचं प्रमाण होतं अवघं ५ टक्के. म्हणजे वर्षाच्या ३६५ रात्रींपैकी साधारण १८ रात्री पाहुणा, बाकीच्या रात्री कुलूप.

हे कुलूप कसं लागतं? प्रकल्पाची मुदत तीन वर्षं, फार तर पाच. पहिलं वर्ष सर्वेक्षणात आणि बैठकांत जातं. दुसऱ्या वर्षी बांधकाम होतं, तिसऱ्या वर्षी पाहुण्यांच्या हस्ते फीत कापली जाते आणि निधी संपतो. वर्षावनात ओल कोणाची गय करत नाही. ताडपत्रांचं छप्पर काही वर्षांत काळं पडून गळायला लागतं, गाद्यांना बुरशी धरते, मच्छरदाणीचे शिवणीचे धागे कुजतात. होडीचं इंजिन बिघडलं तर सुटा भाग आणायला तालुक्याच्या गावी जायचं, आणि तिथे जायला लागते तीच होडी! छप्पर शाकारायला माणसं मिळतात; पण एकाच वेळी शेतीची कामं निघाली की प्रत्येकाचा पहिला जीव आपल्या शेतात. यातलं काहीच गावकऱ्यांच्या आळशीपणातून येत नाही. देखभालीचा पैसा पाहुण्यांकडून यायचा असतो आणि पाहुणे आणणारा माणूस राजधानीत किंवा परदेशात बसलेला असतो, घोडं इथे पेंड खातं. पाहुण्यांची नावनिशी त्याच्याकडे, आगाऊ रक्कम त्याच्याकडे, तक्रारही त्याच्याकडे. एखाद्या हंगामात त्याला दुसरा निवास अधिक परवडला की गावाला ते कळतं, ते होडी रिकामी आल्यावर.

म्हणून ‘नफ्यात किती टक्के’ या प्रश्नाआधी मी दोन गोष्टी विचारीन. जमीन कोणाच्या नावावर आहे? आणि बुकिंगची वही कोणाकडे आहे? टक्केवारी नंतरही वाढवून घेता येते. हे दोन्ही हातचं गेलं तर वाढवून मागणार कशाच्या जोरावर?

इक्वेडोरमधलं आन्यांगू हे किच्वा आदिवासींचं गाव मला इन्फिएर्नोपेक्षाही बोलकं वाटतं. नापो नदीकाठचं हे गाव यासुनी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं. त्यांचं ‘नापो वाइल्डलाइफ सेंटर’ २००७ पासून पूर्णपणे गावाच्या मालकीचं आहे. मोठ्या नदीवर मोटरबोट चालते, पण निवासाकडे नेणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी इंजिन थांबतं. तिथून पुढे सुमारे दोन तास वल्ह्याची होडी. धंद्याच्या हिशेबानं हा शुद्ध तोटा आहे. फेऱ्या कमी होतात, वल्हवणाऱ्यांना मजुरी द्यावी लागते, थकून आलेला एखादा पाहुणा कुरकुरतो. शहरातल्या मालकानं दुसऱ्याच हंगामात हा नियम गुंडाळला असता. गावाला मात्र तो परवडतो, कारण मजुरी जाते ती गावातल्याच माणसाच्या खिशात, आणि ओढ्यातली महाकाय पाणमांजरं इंजिनाच्या आवाजानं निघून गेली तर उद्या दाखवायला काय उरणार, हेही त्यांनाच ठाऊक असतं. याच गावानं आपल्या हद्दीत शिकार बंद केली. आणि यासुनीच्या पोटात तेल असताना तेलाच्या पैशाला नकार दिला.

हा शेवटचा नकार साधा नव्हता. तेलाबरोबर रस्ता येतो, रोख पगार येतो, दवाखान्याची आश्वासनं येतात. त्याला नाही म्हणायचं तर हाताशी दुसरं काही असावं लागतं. पर्यटनाची खरी किंमत मला इथे दिसते. ते गावाला श्रीमंत करत नाही, पण मोठ्या पैशासमोर मान ताठ ठेवण्याइतपत आधार देतं. २० ऑगस्ट २०२३ रोजी इक्वेडोरच्या जनतेनं सार्वमतात सुमारे ५९ टक्के मतांनी यासुनीतल्या एका तेलक्षेत्रातला उपसा थांबवण्याचा कौल दिला. तो कौल पर्यटनानं दिला असं म्हणणं अतिशयोक्ती होईल. त्यामागे अनेक वर्षांची आदिवासी आणि तरुणांची चळवळ आहे. पण तेलाशिवाय जगता येतं हे दाखवायला आन्यांगूसारखी गावं होती, याचा काहीच उपयोग झाला नसेल हेही मला पटत नाही.

आता दुसरी बाजू. युगांडातलं ब्विंडी हे डोंगरी वर्षावन १९९१ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जंगलात राहणारे बात्वा लोक बाहेर फेकले गेले. संवर्धनाच्या दृष्टीनं ब्विंडीची गोष्ट यशाची आहे. डोंगरी गोरिलांची संख्या वाढली, देशाला परकीय चलन मिळालं. परदेशी पाहुण्यासाठी गोरिलादर्शनाचा परवाना २०२४ पासून ८०० डॉलरना मिळतो. परवान्यामागे भोवतालच्या गावांसाठी काढली जाणारी वेगळी रक्कम आधी ५ डॉलर होती, ती १० झाली. शिवाय उद्यानाच्या प्रवेशशुल्कातला २० टक्के वाटा गावांना मिळतो. पण प्रवेशशुल्क म्हणजे परवाना नव्हे, आणि मोठी रक्कम परवान्यात आहे. बात्वांच्या वाट्याला काय आलं? पर्यटकांसमोर लाकडावर लाकूड घासून अग्नी पेटवून दाखवायचा, मध कसा काढायचो ते सांगायचं, गाणी म्हणायची. आपल्याच घराचा देखावा मांडून त्यावर पोट भरायचं. २०२१ मध्ये युगांडाच्या घटनात्मक न्यायालयानं बात्वांच्या बाजूनं निकाल दिला, म्हणजे उद्यान झाल्यानंतर तब्बल ३० वर्षांनी.

‘पण गोरिला तर वाचले ना?’ हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. वाचले, आणि ते वाचणं मोलाचं आहे. पण ती व्यवस्था किती तकलादू आहे हे जून २०२० मध्ये दिसलं. साथीमुळे पर्यटन ठप्प होतं, भोवतालच्या गावांची मिळकत आटली होती, आणि जंगलात मांसासाठी फासे लावायला माणसं शिरू लागली होती. रफिकी नावाचा नर, पर्यटकांची सवय झालेल्या कळपाचा प्रमुख, भाल्यानं मारला गेला. रानडुकराच्या मागावर आलेल्या शिकाऱ्याला ११ वर्षांची शिक्षा झाली. कायद्याच्या जागी ते ठीकच. मला मात्र प्रश्न पडतो की पाहुणे थांबताच गावाचा जंगलाशी संबंध फासापुरता उरत असेल, तर इतकी वर्षं पर्यटनानं तिथे नेमकं काय उभं केलं?

या दोन टोकांच्या मध्ये आपल्या देशातलं, केरळमधलं पेरियारचं जंगल येतं. १९९६ ते २००४ या काळात जागतिक बँकेच्या अर्थसाह्यानं तिथे इको-डेव्हलपमेंट प्रकल्प राबवला गेला. जंगलातून दालचिनीच्या जातीची साल चोरून विकणाऱ्या टोळीतल्या माणसांवरचे खटले आणि त्यांची जंगलाची जाण, दोन्ही हिशेबात धरून त्यांनाच वाटाडे आणि रखवालदार केलं गेलं. कुठल्या पायवाटेनं चोर येतात हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार! पेरियारचं मी मनापासून कौतुक करतो. वनखात्याकडून इतकी कल्पकता क्वचित पाहायला मिळते. तरी एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. या वाटाड्यांच्या आणि रखवालदारांच्या समित्या खात्यानं घडवलेल्या आहेत आणि अंतिम शब्द खात्याचाच आहे. अधिकारी चांगला आला की समिती फुलते, बदलून गेला की कोमेजण्याची भीती. मर्जीवर चाललेली गोष्ट आणि हक्कानं चाललेली गोष्ट यांत कितीही चांगल्या दिवसांत हे अंतर राहतंच.

इथवर मी ‘गाव’ असं एकजिनसी बोलत आलो. तसं गाव कुठेच नसतं. पाहुण्याशी इंग्रजीत चार वाक्यं बोलू शकणारा तरुण एका घरातला, होडी दुसऱ्याच्या मालकीची, ओढ्यालगतची जमीन तिसऱ्याकडे. पर्यटनाचा पैसा या आधीच्या उतारावरूनच वाहतो. स्वयंपाक आणि चादरी धुणं बायकांकडे, हिशेब आणि परदेशी पाहुण्यांबरोबरचे फोटो पुरुषांकडे, हेही चित्र अनोळखी नाही. ज्याच्याकडे एकही पाहुणा उतरला नाही, त्यानं शिकारबंदी का पाळावी? त्याच्या बायकोनं घरी शिजवायला काय आणावं?

बेलीझ देशाच्या टोलेडो जिल्ह्यातल्या माया गावांनी यावर काढलेली तोड मला फार आवडते. १९९० मध्ये त्यांनी टोलेडो इकोटुरिझम असोसिएशन उभी केली. पाहुणे गावागावांत पाळीनं पाठवायचे. गावात पोचल्यावर मुक्काम सामायिक अतिथिगृहात, पण जेवण प्रत्येक वेळी वेगळ्या घरी, तेही पाळीनं. सकाळी एकीच्या चुलीपाशी, दुपारी दुसरीच्या. घर मोठं असो वा लहान, पाळी चुकत नाही. पैसा पातळ पसरतो हे खरं, पण सगळ्यांच्या अंगणात पोचतो.

याला आक्षेप असा की पाळीमुळे दर्जा राहत नाही. उत्तम रांधणारीला आणि कंटाळून रांधणारीला सारखेच पाहुणे. मग चांगलं करायचं कशाला? आक्षेपात तथ्य आहे. मला विचाराल तर जेवण आणि मुक्काम पाळीनं असावेत, वाटाड्याचं काम मात्र कौशल्यानं. पक्ष्याचा आवाज ओळखणं, सापाच्या वाटेतून माणसांना सुखरूप आणणं याला पाळी लावणं जिवाशी खेळ आहे. पण हा झाला माझा सल्ला. नियम गावानंच ठरवायचे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या कामासाठी, त्यातून हेच दिसतं. सामायिक मालमत्ता दीर्घकाळ टिकते तिथे हद्द स्पष्ट असते, नियम वापरणाऱ्यांनी केलेले असतात, नजर ठेवणारे त्यांच्यातलेच असतात आणि चुकणाऱ्याला पहिल्यांदा छोटा दंड, पुढे मोठा असतो. आयत्या छापील नियमावलीनं हे साधत नाही, मग ती कितीही सुंदर छापलेली असो.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्यांचं म्हणणं, गावाला धंदा जमत नाही. ते ५ टक्क्यांचे आकडे समोर असताना हे निव्वळ हेटाळणी म्हणून सोडून देता येणार नाही. विमा, परतावा, पाहुण्याच्या ॲलर्जीची नोंद, वर्षभर आधी ठरवावे लागणारे दर या गोष्टी शिकाव्या लागतात, आणि शिकायला वेळ लागतो. बोलिव्हियाच्या मादिदी उद्यानातल्या सान होसे दे उचुपियामोनास या गावानं हे शिकण्यासाठी बाहेरची मदत घेतली. माणसं गाव सोडून चालली होती, म्हणून गावातल्याच काही जणांनी चालालान निवासाची कल्पना मांडली. कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल आणि आंतर-अमेरिकन विकास बँक यांच्या साह्यानं काही वर्षं प्रशिक्षण झालं आणि २००१ मध्ये मालकी रीतसर गावाकडे आली. इक्वेडोरमध्ये आचुआर लोकांच्या भूमीत १९९६ मध्ये सुरू झालेला कापावी निवासही असाच. कंपनी आचुआर संघटनेला दरमहा भाडं देई, पाहुण्यामागे वेगळी रक्कम देई. हस्तांतर २०११ ला ठरलं होतं, ते २००८ मध्येच झालं.

तेव्हा कंपनी नको असं मी म्हणत नाही. कंपनीला परतीची तारीख असावी, इतकंच म्हणतो. २० हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. आणि तारखेबरोबर कामही लिहिलेलं हवं. पाचव्या वर्षी हिशेबनीस गावातला, आठव्या वर्षी मॅनेजर गावातला, दहाव्या वर्षापासून बुकिंगची यादी दोघांकडे. नाहीतर विसाव्या वर्षी गावाच्या हाती इमारत पडते आणि पाहुणे कंपनीच्या नव्या निवासात जातात. तेल गेलं, तूपही गेलं.

राहता राहिला पैशाचा प्रश्न, आणि इथे पर्यटनाच्या पाठीराख्यांशी माझं सर्वांत जास्त भांडण आहे. ‘जंगलानं आपला खर्च आपण काढावा’ हे वाक्य ऐकायला व्यवहारी वाटतं. पण बहुसंख्य वर्षावनात पर्यटक कधीच जाणार नाही. तिथे देखणे पोपट नसतील, विमानतळ दोन दिवसांवर असेल, चिखल गुडघाभर असेल. ते जंगलही पाऊस पाडतं, कार्बन धरून ठेवतं. इन्फिएर्नो ज्या माद्रे दे दियोस प्रदेशात आहे, तिथेच सोन्यासाठी जंगल खरवडून पाण्यात पारा सोडला जातो. सोन्याचा भाव चढला की कोणताही पाहुणचार त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही. कोस्टा रिकानं १९९६ च्या वनकायद्यानं वेगळी वाट धरली. इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्यांना थेट मोबदला, पाहुणा येवो न येवो. एकेकाळी देशाच्या पाव भागावर आलेलं तिथलं वनाच्छादन आज निम्म्याहून अधिक आहे. त्याचं श्रेय एकट्या या योजनेचं नाही. गोमांसाचे उतरलेले भाव आणि जंगलतोडीवरची बंदी यांचाही हात आहे. पण २०२० सारख्या वर्षी अशा ठरलेल्या रकमेचं मोल कळतं. पर्यटन वरकमाईच्या जागी शोभतं. त्याला घरचा कर्ता केलं की एका विषाणूनं घर बसतं.

शिवाय लांबून विमानानं येणारा पाहुणा येताना किती धूर सोडून येतो, हा हिशेब मांडायला सगळेच कचरतात. मीही इथे तो पूर्ण मांडत नाही. फक्त, जवळच्या प्रदेशातून येणाऱ्या, कमी पैसे देणाऱ्या पाहुण्याला या निवासांनी इतकं दुय्यम लेखू नये असं वाटतं.

मग सरकारनं आणि देणगीदारांनी करायचं काय? झोपड्या बांधणं थांबवावं. तो पैसा आधी मोजणीदाराला आणि वकिलाला द्यावा. लॅटिन अमेरिकेत जिथे आदिवासींचे सामूहिक हक्क मान्य झालेले आहेत तिथे जंगलतोड तुलनेनं कमी आहे, हे अन्न आणि कृषी संघटनेच्या २०२१ च्या अहवालानं मांडलं आहे, आणि त्यात पाहुण्यांचा कुठे संबंध नाही. सीमा आखून झाल्या की गावाला पर्यटन हवं का, हे गावाच्या सभेला ठरवू द्यावं. ‘नको’ हे उत्तर आलं तर ते प्रकल्पाचं अपयश म्हणून नोंदवू नये. टोलेडोतल्या माया गावांनी पाहुण्यांना पाळीनं जेवू घालायला सुरुवात केली १९९० मध्ये. त्यांच्या परंपरागत जमिनीवर त्यांचाच हक्क आहे हे कॅरिबियन न्यायालयात मान्य झालं २०१५ च्या एप्रिलमध्ये. मधल्या २५ वर्षांत तिथे लाकूडतोडीचे परवानेही निघाले आणि तेलशोधाचेही, आणि ते देताना त्या गावांना कोणी विचारलं नव्हतं.